जगाच्या कोणत्या भागात कोणती भाषा सर्वांत जास्त बोलली जाते?

प्रत्येक खंडाची एकेक भाषा सांगा, असं तुम्ही विचारलंय. सांगतो, पण मातृभाषा मोजायची की शिकून बोलणारेही धरायचे, हे आधी ठरवावं लागतं. मातृभाषा म्हणून जगात मँडरिन चिनी पहिली, ९० कोटींच्या वर. शिकून बोलणारे धरले की इंग्रजी पुढे जाते, सुमारे दीडशे कोटी. त्यातले बहुसंख्य लोक घरी दुसरंच काही बोलतात.

युरोपात मातृभाषकांमध्ये रशियन पहिली, युरोपीय संघापुरतं पाहिलं तर जर्मन. (ब्रिटन २०२० मध्ये बाहेर पडला, तरी संघात सर्वाधिक लोकांना येते ती इंग्रजीच!) दक्षिण अमेरिकेचं उत्तर लोक ‘स्पॅनिश’ म्हणून ठोकून देतात. देश मोजले तर ते बरोबर आहे. पण एकट्या ब्राझीलमध्ये २० कोटींहून जास्त लोक, म्हणजे जवळपास अर्धा खंड, आणि तिथे पोर्तुगीज. माणसं मोजली तर सामना बरोबरीत सुटतो.

मला सगळ्यात रस वाटतो तो इंडोनेशियात. तिथे सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा जावानीज. तरी १९२८ मध्ये तरुण राष्ट्रवाद्यांनी देशाची भाषा म्हणून निवडली मलय, जी फार थोड्यांच्या घरची होती. बंदरांमधल्या व्यापाऱ्यांमुळे ती बेटोबेटी आधीच पोचलेली होती. शिवाय जावानीजमध्ये समोरचा मानाने मोठा की लहान यावर शब्द बदलतात, अगदी ‘जेवणे’ यालाही वेगवेगळी क्रियापदं आहेत. मलय त्यामानाने सुटसुटीत, आणि सर्वांत मोठ्या गटाची भाषा इतरांवर लादल्याची तक्रारही उरली नाही. आज जवळजवळ सगळा देश ती बोलतो.

पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीचंही असंच. मूळची किनाऱ्यावरची भाषा. शंभराहून जास्त भाषांच्या टांझानियात पहिले राष्ट्राध्यक्ष न्येरेरे यांच्या सरकारने प्राथमिक शिक्षण तिच्यातून दिलं आणि ती देशभर रुजली. मातृभाषा म्हणून बोलणारे मात्र आजही कमीच.

उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियात अरबी, पण अरबी बोलणाऱ्यांचा कुठलाही आकडा जपून वापरा. मोरोक्कोचा माणूस घरच्या बोलीत भराभर बोलायला लागला तर इराकच्या माणसाला फारसं कळत नाही. काही याद्या या सगळ्या बोली एकत्र धरतात, काही इजिप्तची अरबी वेगळी मोजतात, त्यामुळे दोन याद्यांमध्ये अरबीचा क्रमांक वेगळा दिसला तर दोन्ही बरोबर असू शकतात.