वळताना पुढच्या चाकातून कट-कट आवाज येतो, अख्खा एक्सल बदलावा लागेल का?

आधी खात्री करा. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू गोल फिरवा. कट-कट वाढली तर चाकाजवळचा सीव्ही जॉइंट (एक्सल, म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकाला देणारा दांडा, त्याच्या टोकाचा वळणारा सांधा) गेलाय. डावीकडे वळताना वाजला तर बहुधा उजवा, उजवीकडे वळताना वाजला तर डावा. सरळ रस्त्यावर पिकअप घेताना गाडी थरथरत असेल, तर गिअरबॉक्सकडचा जॉइंट बघा.

मग चाकामागे वाकून रबरी बूट, म्हणजे जॉइंटवरचं ग्रीस धरून ठेवणारं आवरण, तपासा. फाटलेला बूट आणि रिमच्या आतल्या बाजूला उडालेलं ग्रीस, बहुतेक वेळा दुखणं इथूनच सुरू होतं. आवाज नसताना बूट फाटलेला सापडला, तर नवा बूट आणि ग्रीस एवढ्यावर भागतं, म्हणून सर्व्हिसिंगला तो आवर्जून बघायला सांगा. आवाज सुरू झाल्यावर मात्र नुसतं ग्रीस भरून घेऊ नका. जॉइंट आतून झिजलेला असतो, आवाज परत येतोच. जॉइंट सुटा मिळाला तर तेवढाच बदला, नाहीतर पूर्ण एक्सल.

एक्सल काढताना बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइल सांडतं. ऑइल सील (ऑइल गळू नये म्हणून बसवलेली कडी) त्याच वेळी नवीन टाका, ऑइलची पातळी भरून घ्या. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट नवाच हवा आणि तो टॉर्क रेंचनेच, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्यानेच, आवळायला सांगा, कारण तो सैल राहिला तर बेअरिंगही जातं.