टसर म्हणजे धोटा

प्रश्न असा: ‘रेशीमाचा’ की ‘रेशमाचा’? आणि हा शब्द ‘रेशा’वरून आला का?

‘रेशमाचा’. कापूस–कापसाचा, लाकूड–लाकडाचा, तसंच हे. मधला ई-ऊ सामान्यरूपात ‘अ’ होतो. ‘रेशमी’चंही तेच वळण. ‘रेशीमाचा स्पर्श’ वाचला की कापूसाचा सदरा घालून पाऊसात उभं राहावंसं वाटतं! समासात मात्र ई टिकते: रेशीमगाठ, रेशीमकिडा.

‘रेशा’ म्हणजे फारसीत मूळ किंवा तंतू. रेशीमही फारसीच, पण ते ‘अब्रेशम’मधून, पुढचा ‘अब’ झिजून आलेलं. रेशावरून रेशीम काढणाऱ्यांनी तो ‘अब’ कुठून आला ते आधी सांगावं.

जाता जाता, ‘आर्ट सिल्क’मधला ‘आर्ट’ म्हणजे कला नव्हे. तो ‘आर्टिफिशियल’चा तुकडा; कापड बहुधा रेयॉन. सुटा धागा जाळून बघा: रेयॉनला जळक्या कागदाचा वास येतो, अस्सल रेशमाला जळक्या केसांचा, आणि राख बोटांत चुरडते.

खरी गंमत ‘टसर’ या रानरेशमाच्या नावात आहे. संस्कृतात ‘तसर’ म्हणजे विणकराचा धोटा, मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारा. ऋग्वेदाच्या 10.130 या सूक्तात यज्ञ हेच मागावरचं कापड आणि सामं (गायची स्तोत्रं) हे त्याचे ‘तसर’. मग धोट्याचं नाव रेशमाला कसं चिकटलं? ‘धोट्यानं विणतात म्हणून’ हे उत्तर पोकळ आहे. धोट्यानं सुतीही विणतात, लोकरही. त्यांना कुणी टसर म्हणत नाही.

उत्तर टसरच्या किड्याच्या कोषात शोधायला हवं. ऐन-अर्जुनाच्या झाडावरचा हा किडा आधी डहाळीभोवती कडं करतो, त्याला टणक देठ काढतो आणि खाली कोष लोंबता ठेवतो. कवच इतकं कडक की सोड्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय तार सुटत नाही. घाई केली की तुटते. एकदा सुटली की मात्र कवच उलगडत जातं. धोट्याच्या पोटातली सुताची कांडी अशीच उलगडते. कठीण कवच, पोटात सूत, बाहेर एक तार: माझ्या मते नाव पडलं ते या साम्यावरून.

आक्षेप ठरलेला आहे: कोष अंड्यासारखा गोलसर, धोटा दोन्हीकडे टोकदार. देठासकट कोष हातात धरा, एक टोक तरी नक्की मिळेल.