ब्रूनोचे ठोके, आजीचा आमवात आणि अकरावीत सोडलेलं गणित

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. सई (नाव बदललं आहे) अकरावी सायन्सला आहे, घर पुण्यात सहकारनगरला. घरात ब्रूनो नावाचा देशी कुत्रा आणि आमवातानं (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस) बोटं वाकडी झालेली आजी. सई कधी म्हणते कुत्र्यांच्या हृदयाची डॉक्टर होणार, कधी म्हणते आजीच्या आजाराचं जनुकशास्त्र शिकणार. अभ्यास सोडून ती ब्रूनोला तळजाई टेकडीवर पळवते, मग स्टेथोस्कोप लावून ठोके मोजत बसते, म्हणून तुम्ही तिची ठोक्यांच्या नोंदींची वही कपाटात ठेवून दिलीत. "दोन डगरींवर पाय ठेवतेय, एक काहीतरी ठरवून द्या," असं तुम्ही लिहिलंय.

ठरवून मी देणार नाही. आधी त्या वहीबद्दल बोलू. तुम्ही तक्रार म्हणून लिहिलेलं एक वाक्य मला पत्रात सगळ्यात मोलाचं वाटलं: "म्हणे, पडून असला की ब्रूनोचे ठोके अडखळतात आणि पळून आला की एकसारखे होतात!" अहो, बरोबर आहे तिचं. निरोगी कुत्र्यात असंच असतं. मेंदूकडून हृदयाला येणारी व्हेगस नावाची नस लगामासारखं काम करते. श्वास आत घेताना लगाम सैल होतो, ठोके जलद पडतात. श्वास सोडताना तो आवळतो, ठोके संथ होतात. निवांत पडलेल्या कुत्र्यात ही ओढ इतकी जोरकस असते की ऐकणाऱ्याला ठोका चुकल्यासारखाच वाटतो. पळायला लागलं की लगाम सुटतो आणि ठोक्यांमधलं अंतर सारखं होतं. श्वासाबरोबर ठोके असे कमीजास्त होण्याला सायनस अरिदमिया म्हणतात. पोरीनं पुस्तक न उघडता ते पकडलं. (याच्या उलट झालं, म्हणजे पळताना लय बिघडली किंवा कुत्रा भोवळ येऊन पडला, तर वही बाजूला ठेवून पशुवैद्य गाठायचा. बॉक्सर, डॉबरमन या जातींत हृदयाचे आनुवंशिक विकार दिसतात. तिथे २४ तास होल्टर, म्हणजे ठोके नोंदवणारं छोटं यंत्र, अंगावर लावून लय तपासतात.)

या विषयात मोठं कामही झालंय. १९८४ साली बिलमन, श्वार्ट्झ आणि स्टोन या संशोधकांनी दाखवलं की हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि व्यायामाच्या ताणात ज्यांचं हृदय जीवघेणं फडफडतं अशा कुत्र्यांना नेमानं पळवलं, तर तो धोका कमी होतो. पण तो झटका त्या कुत्र्यांना प्रयोगासाठी मुद्दाम आणलेला होता. हे सईला आत्ताच कळू द्या. ब्रूनोवर जीव असलेल्या मुलीला ते पचेल की नाही, हे मी इथून सांगू शकत नाही. आज आपल्याकडे अशा प्रयोगांना समितीची परवानगी लागते, आणि प्राण्यांवर प्रयोग न करताही पशुवैद्यकात भरपूर काम आहे.

पशुवैद्यक म्हणजे बीव्हीएस्सी, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि नीट. पुण्याला सगळ्यात जवळचं सरकारी कॉलेज शिरवळला, खंबाटकीच्या अलीकडे. मात्र कोथरूडच्या वातानुकूलित पेट क्लिनिकचं चित्र डोळ्यांसमोर ठेवून तिथे जाऊ नये. साडेपाच वर्षांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळं येतं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गाईची गर्भतपासणीही करावी लागते. कुत्र्याचं हृदय पुढे, एमव्हीएस्सी या पदव्युत्तर पदवीच्या वेळी. सुट्टीत एक दिवस शिरवळला जाऊन या. तिथला वास सहन झाला तर निम्मा प्रश्न सुटला.

आता आजी. "आमच्या घराण्यातच आहे ते," असं तुम्ही लिहिलंय, आणि मला वाटतं खरी काळजी तिथेच आहे. आमवातात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, पण तो नशिबाचा शिक्का नव्हे. हुबेहूब जुळ्या भावंडांत एकाला आमवात असला, तरी दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण १५ टक्केच भरतं. म्हणजे जनुकं तीच असूनही बहुतेकांना होत नाही. एचएलए-डीआरबी१ या जनुकाच्या काही प्रकारांत एक छोटा तुकडा सारखाच असतो आणि तो धोका वाढवतो, ही मांडणी १९८७ साली झाली. त्यात धूम्रपानाची भर पडली की धोका आणखी चढतो. गंमत पुढे आहे: २००१ मध्ये आमवात झालेल्या कुत्र्यांतही त्याच जनुकाचा तसाच तुकडा सापडला! सईच्या दोन डगरी तुम्हाला वाटतात तितक्या लांब नाहीत.

आणि इथे काम शिल्लक आहे. युरोपीय लोकांत आमवाताशी जोडलेला पीटीपीएन२२ जनुकातला बदल भारतीयांत फारच क्वचित आढळतो. तिकडची उत्तरं इकडे जशीच्या तशी चालत नाहीत. आपण ज्या भिगवणला फ्लेमिंगो बघायला जातो, तिथे १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रांनी सांधेदुखीची घरोघर पाहणी सुरू केली होती. तेही या विषयातलंच काम.

तेव्हा सईला कुत्रा की आजी हे विचारू नका. दिवसभर एका रुग्णासमोर उभं राहायला आवडेल, की हजारो नमुन्यांच्या आकड्यांत डोकं घालायला, हे विचारा. पहिलं असेल तर पशुवैद्यक. किंवा एमबीबीएस, एमडी आणि ऱ्हुमॅटॉलॉजीत, म्हणजे संधिवाताच्या आजारांत, डीएम ही त्यापुढची पदवी. त्याला साडेअकरा वर्षं लागतात, तीही कुठे अडकली नाही तर. दुसरं असेल तर पाषाणचं आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधनाची केंद्रीय संस्था किंवा विद्यापीठातली जैवतंत्रज्ञानाची वाट.

पण दुसऱ्या वाटेवर एक खड्डा तुम्हीच खणलाय. नीटला लागत नाही म्हणून तिचं गणित सोडवलंत. आयसरच्या प्रवेश परीक्षेत गणित असतं, आणि आजचं जनुकशास्त्र निम्मं संख्याशास्त्र आहे. कॉलेजात अजून विषय बदलून मिळतो का, हे याच आठवड्यात विचारा. नसेल मिळत, तर निदान शिकवणी लावून अकरावीचं गणित घरी पुरं करू द्या.

आणि ती वही कपाटातून काढून द्या. तिला एक रकाना वाढवायला सांगा, श्वासाचा. ठोके ऐकताना ब्रूनोची छाती वर कधी जाते हे दुसऱ्या कुणीतरी बघायला लागतं. ते काम तुम्ही घ्या.