पालकाच्या पानांतील शिसे आणि कॅडमिअम : धुतल्याने काय जाते, काय राहते

प्रश्न : कारखान्याचे सांडपाणी मिसळलेल्या नाल्यावर आम्ही पालक घेतो. पाने हिरवीगार आहेत. त्यांत जड धातू असतील का, आणि धुऊन-शिजवून ते निघून जातील का?

उत्तर : शेतकरी बंधू-भगिनींनो, पान टवटवीत दिसते म्हणून ते निर्धोक मानू नये. पिकावर कोणतेही लक्षण दिसण्याआधीच खाणाऱ्याला अपाय होईल इतके कॅडमिअम पानांत साठू शकते.

शिसे आणि कॅडमिअम यांचे वागणे मात्र वेगवेगळे आहे. शिसे बहुतांशी मुळांतच अडकून राहते. पानांवर सापडते ते बरेचदा धुळीतून किंवा पावसाच्या थेंबांबरोबर उडालेल्या मातीतून आलेले असते. पालकाची जुडी उलटी धरून देठांच्या बुडाशी पाहिलेत, तर बेचक्यांत बसलेली ही बारीक माती दिसेल. वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतल्याने तिच्यातले शिसे बरेच कमी होते. कॅडमिअम जस्ताच्याच वाटेने मुळांत शिरते आणि पानांच्या पेशींत साठते, त्यामुळे ते धुऊन जात नाही. आणि शिजवल्याने कोणताच धातू नष्ट होत नाही.

जमीन आम्लधर्मी असेल, जस्त कमी असेल किंवा पाणी खारे असेल, तर कॅडमिअमचे शोषण वाढते. म्हणून माती परीक्षणात सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ६ पेक्षा कमी आल्यास शिफारशीप्रमाणे चुना देऊन तो ६.५ ते ७ पर्यंत आणावा. मूळचीच चुनखडीयुक्त जमीन असेल तर चुना मुळीच देऊ नये. चांगले कुजलेले शेणखत धातू धरून ठेवते, पण नाल्याचा गाळ खत म्हणून वापरू नये.

नाल्याचे पाणी आजच थांबवावे, आणि पानांचे धुतलेले व न धुतलेले असे दोन वेगळे नमुने प्रयोगशाळेत द्यावेत, म्हणजे दोष धुळीचा की मुळांवाटे आलेला, हे दोन्ही आकड्यांतील फरकावरून कळेल. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकानुसार पालेभाज्यांत ताज्या वजनाच्या प्रतिकिलो कॅडमिअम ०.२ आणि शिसे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे; मात्र शिशाच्या या मर्यादेतून कोडेक्सने पालक वगळला आहे, म्हणून पालकासाठी तो आकडा केवळ तुलनेपुरता घ्यावा. अहवाल येईपर्यंत पालक विकू नये, ही आग्रहाची विनंती आहे.

प्रमाण जास्त निघाल्यास त्या जमिनीत पालेभाजी टाळून टोमॅटोसारखी फळभाजी घ्यावी, कारण फळांत हे धातू पानांपेक्षा सहसा कमी उतरतात. मात्र तिचीही तपासणी करावी. काढलेला पालक गुरांना घालू नये आणि खतखड्ड्यातही टाकू नये, कारण त्यातले कॅडमिअम खताबरोबर पुन्हा त्याच शेतात येते.