टाळेबंदीत थांबलेल्या तपासण्या आणि आतड्याचा कर्करोग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मे २०२० मध्ये माझ्या वडिलांना (वय ५८) शौचावाटे रक्त जाऊ लागले. टाळेबंदी होती, दवाखान्यात जायची भीती होती, म्हणून आम्ही डॉक्टरांना फोन केला. मूळव्याध असावी असे सांगून त्यांनी मलम आणि पोट साफ होण्याचे औषध दिले. रक्त कमीजास्त होत राहिले. पुढच्या वर्षी गुदाशयाचा (मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा) कर्करोग निघाला, तो यकृतापर्यंत गेलेला होता. वडील आता नाहीत. त्या वेळी आग्रहाने नेले असते तर ते वाचले असते का, हे घरात कोणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या मनात आहे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : रक्त पहिल्यांदा दिसले त्या दिवशी गाठ कोणत्या अवस्थेत होती, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. आतड्यातल्या पॉलिपचे, म्हणजे आतल्या अस्तरावर वाढणाऱ्या छोट्या गाठीचे, कर्करोगात रूपांतर व्हायला बहुधा दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, त्यामुळे मे २०२० मध्ये ही गाठ नवी नसावी. ती तेव्हाच यकृतात पोचलेली असणे शक्य आहे, आणि नंतरच्या वर्षभरात पोचली असणेही शक्य आहे. पहिल्या अवस्थेत सापडलेल्या दहा रुग्णांपैकी साधारण नऊ जण पाच वर्षांनंतर हयात असतात आणि चौथ्या, म्हणजे दूरच्या अवयवांत पसरलेल्या, अवस्थेतल्या दहांपैकी एखादाच, म्हणून त्या वर्षाने काहीच बिघडले नाही असे मी म्हणणार नाही. परंतु त्याचा दोष तुम्ही स्वतःकडे घ्यावा, हे मला मान्य नाही.

गुदाशयाची गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटाला लागते. हातमोजा घालून गुदद्वारातून केलेल्या मिनिटभराच्या तपासणीत कडक, खडबडीत काठाची गाठ लागली, तर पुढचा विचार मूळव्याधीपाशी थांबत नाही. फोनवर ही तपासणी होऊ शकत नाही, आणि २०२० मध्ये वैद्यकीय सल्ल्याचा मोठा भाग फोनवर गेला. आपल्याकडे मोठ्या आतड्याच्या कर्करोगांत गुदाशयाच्या कर्करोगाचे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा अधिक आहे, त्यामुळे या बदलाचा फटका आपल्या रुग्णांना जास्त बसला असावा, असे माझे मत आहे.

शिवाय घरात थांबलेले तुम्ही एकटे नव्हता. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यातल्या ४१ केंद्रांनी मार्च ते मे २०२० या तीन महिन्यांची तुलना आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी केली, तेव्हा नव्या रुग्णांची नोंदणी ५४ टक्क्यांनी आणि मोठ्या शस्त्रक्रिया ४९ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. कर्करोग काही कमी झाला नव्हता. एसटी आणि रेल्वे बंद होत्या, जिल्ह्याची हद्द ओलांडायला पास लागत होता आणि रुग्णालयात गेलो तर कोरोना घेऊन येऊ, ही धास्ती घराघरांत होती. योग्य काळजी घेऊन त्याही दिवसांत उपचार होऊ शकत होते. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात २३ मार्च ते ३० एप्रिल २०२० या काळात कर्करोगाच्या ४९४ नियोजित मोठ्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांनंतर एकही रुग्ण दगावला नाही. पण ही गोष्ट साताऱ्यातल्या एखाद्या घरापर्यंत त्या मे महिन्यात पोचणार कशी? घराबाहेर पडू नका, हे लोकांच्या कानांवर दिवसातून कितीतरी वेळा पडत होते. शौचावाटे रक्त जात असेल तर मात्र थांबू नका, हे तितक्याच ठामपणे सांगितले गेले नाही. जबाबदारी शोधायचीच असेल, तर ती मी तिथे शोधीन.

प्रश्न : माझ्या सासूबाई आमच्याकडे लेस्टरला असतात. २०२० मध्ये त्या ७२ वर्षांच्या होत्या आणि त्या वर्षी शौचतपासणीचे पाकीट ठरल्या वेळी आलेच नाही. नंतर आले, तेव्हा त्यांनी किळस वाटते म्हणून ते तसेच ठेवून दिले. आता पाकिटे येणेही बंद झाले आहे. काही करता येईल का? (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : येईल. इंग्लंडमध्ये ७४ वर्षांपर्यंतच्या लोकांना शौचातले न दिसणारे रक्त शोधणारे हे पाकीट दर दोन वर्षांनी आपोआप येते. ते बंद झाले म्हणजे त्यांना तपासणीची गरज उरली नाही, असा अर्थ कृपया काढू नका. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना स्क्रीनिंगच्या (लक्षणे नसतानाच्या तपासणीच्या) हेल्पलाइनवर फोन करून दर दोन वर्षांनी ते मागवता येते. जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदलेले असले पाहिजे.

२०२० मध्ये पाकिटे का थांबली, हेही समजून घ्यावे. चाचणीत रक्त आढळले तर पुढे कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून मोठ्या आतड्याची तपासणी, लागते, आणि मार्चअखेरीस अत्यंत तातडीच्या वगळता अशा जवळजवळ सर्व दुर्बिणीच्या तपासण्या (एंडोस्कोपी) थांबवण्यात आल्या होत्या. २०१९ च्या मासिक सरासरीच्या तुलनेत एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या कोलोनोस्कोपी ९२ टक्क्यांनी घटल्या, आणि आतड्याच्या कर्करोगाच्या संशयावरून तातडीने पाठवलेल्या रुग्णांची संख्या ६३ टक्क्यांनी. पुढची तपासणी करता येत नसताना लोकांना चाचणीचा निकाल हातात देऊन घरी बसवणे योग्य झाले नसते, त्यामुळे तो निर्णय मला समजतो. त्याची किंमत मात्र मोठी होती : एप्रिल ते ऑक्टोबर या काळात अपेक्षेपेक्षा साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचे निदान कमी झाले.

याच अडचणीत ही घरगुती चाचणी वेगळ्या रीतीने कामी आली. स्क्रीनिंगसाठी इंग्लंडमध्ये दर ग्रॅम शौचामागे १२० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन (रक्तातले लाल द्रव्य) ही मर्यादा होती; तेवढे आढळले तरच पुढची तपासणी. लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी ती १० धरून, मोजक्या कोलोनोस्कोपींसाठी आधी कोणाला बोलवायचे, हे ठरवता येऊ लागले. ज्यांचा आकडा मोठा, त्यांना आधी. ही पद्धत महामारीनंतरही टिकली, आणि टिकायलाच हवी होती.

आता किळसेविषयी. शौच पाण्यात पडू न देता एखाद्या स्वच्छ, टाकून देता येईल अशा डब्यात घ्यायचे. पाकिटातल्या छोट्या बाटलीच्या झाकणाला एक काडी असते आणि तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. ते टोक शौचावरून फिरवायचे; खाचा भरल्या की पुरे, त्याहून जास्त नमुना लागत नाही. काडी बाटलीत घालून झाकण घट्ट लावायचे, तारीख लिहायची आणि पाकीट पोस्टात टाकायचे. ही चाचणी मानवी हिमोग्लोबिनच ओळखते, त्यामुळे आधी पथ्य पाळावे लागत नाही. तुम्ही शेजारी राहून एकदा मदत केलीत, तर बहुधा त्यांची अडचण सुटेल. मात्र रक्त जाणे, शौचाच्या सवयीत बदल, वजन घटणे किंवा अशक्तपणा असे काही त्यांना जाणवत असेल, तर पाकिटाची वाट न पाहता थेट जीपीकडे जावे.

प्रश्न : २०२० मध्ये माझ्या भावाची गुदाशयाची शस्त्रक्रिया पुढे ढकलून आधी केवळ पाच दिवस रेडिएशन दिले, आणि नंतरच्या शस्त्रक्रियेत पोटावर पिशवी लावली. कोरोनामुळे त्याच्यावर दुय्यम दर्जाचे उपचार झाले का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : पाच दिवसांचे रेडिएशन ही महामारीत शोधलेली तडजोड नाही. स्वीडनमध्ये ती पद्धत कित्येक वर्षे आधीपासून वापरात होती. पाच आठवडे चालणाऱ्या रेडिएशनच्या फेऱ्या टळत असल्यामुळे त्या वर्षी तिचा वापर वाढला, इतकेच. शस्त्रक्रिया लांबवण्यालाही ठोस कारण होते : शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोरोनाची लागण झालेल्या रुग्णांच्या पहिल्या मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जवळजवळ २४ टक्के रुग्ण महिनाभरात दगावले होते. पोटावरच्या, शौच जमा करणाऱ्या पिशवीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आतड्याची टोके जोडल्यावर जोड गळला, तर रुग्णाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागू शकते, आणि तिथे तेव्हा खाटा नव्हत्या. म्हणून काही रुग्णांमध्ये जोडण्याऐवजी पिशवीचा मार्ग निवडला गेला. अशा पिशव्यांपैकी काही तात्पुरत्या असतात, तर गाठ अगदी खाली असल्यास पिशवी कायमची लागते. भावाच्या डिस्चार्ज कार्डावर शस्त्रक्रियेचे नाव असेल. ते घेऊन, आतडे पुन्हा जोडता येईल का, असे सर्जनना स्पष्ट विचारा. काळ लोटल्यामुळे हा प्रश्न आपोआप बाद होत नाही.

प्रश्न : माझे वय ४७. आपल्याकडे असे पाकीट कोणी पाठवत नाही. मी काय करावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगाची तपासणी आहे, आतड्याची नाही. त्यामुळे महामारीत इथे किती निदाने हुकली, हेही इंग्लंडसारखे मोजता आले नाही. आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला हा कर्करोग झाला असेल, तर चाळिशीत, किंवा त्यांना तो झाला त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. घरात कोणालाही तो नसेल आणि तुम्हाला काही त्रासही नसेल, तर फिट नावाची हीच शौचचाचणी मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते. डॉक्टरांशी बोलून ती करून घेता येईल. रक्त जात असेल, तर मात्र आधी बोटाने तपासणी करून घ्या. डॉक्टरांनी ती केली नाही, तर संकोच न करता तुम्ही स्वतः मागा.