‘ॲडव्होकसी’ला मराठीत काय म्हणावे: वकिली, कैवार की पाठपुरावा?

एका वाचकाने विचारले आहे की, सार्वजनिक धोरणांवरील एका अहवालाचा अनुवाद करताना ‘ॲडव्होकसी ऑर्गनायझेशन’ हा शब्दप्रयोग पानोपानी येतो. कोशांत ‘वकिली’, ‘समर्थन’, ‘पुरस्कार’ असे पर्याय सापडतात, राज्यशास्त्राच्या पुस्तकांत ‘दबावगट’ भेटतो, आणि यांपैकी एकही शब्द सगळीकडे बसत नाही. मग नेमका शब्द कोणता योजावा?

सगळीकडे बसेल असा शब्द मिळणार नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मूळ शब्दाच्या पोटात तीन कामे आहेत: कोणाच्या तरी वतीने बोलणे, कोणाची तरी बाजू उचलून धरणे, आणि निर्णय होईपर्यंत तो विषय निर्णय घेणाऱ्यांच्या नजरेआड होऊ न देणे. या तिन्हींसाठी मराठीत वेगवेगळे शब्द आहेत, आणि अनुवादकाची अडचण शब्दांच्या तुटवड्याची नसून निवडीची आहे.

‘वकिली’ हा अर्थाने सर्वांत जवळचा शब्द. ‘ॲडव्होकसी’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘हाक मारून बोलावणे’ असा होता. अडचणीच्या वेळी ज्याला मदतीस बोलावले तो ॲडव्होकेट. मूळच्या अरबी ‘वकील’ या शब्दाचा अर्थही ‘ज्याच्यावर काम सोपवले तो प्रतिनिधी’ असाच आहे. पेशवाईतला वकील न्यायालयात नव्हे, दरबारात उभा असे. १७८६ मध्ये पुण्यास आलेल्या चार्ल्स मॅलेटला मराठी इतिहासलेखनात ‘इंग्रजांचा वकील’ म्हटले जाते ते याच अर्थाने. हा अर्थ जिवंत राहिला असता तर प्रश्नच मिटला असता. आज मात्र ‘वकिली’ म्हटले की काळा कोट डोळ्यांपुढे येतो, आणि कोर्टाबाहेर हा शब्द वापरला तर त्याला बहुधा टोमण्याची धार असते: “तू त्याची वकिली करू नकोस!” ‘अधिवक्ता’ हा शब्द तर १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने पूर्णपणे व्यवसायाच्या ताब्यात दिला आहे.

कोणाच्या वतीने बोलायचे, हा या शब्दातला कळीचा प्रश्न आहे, आणि त्याचे एक विलक्षण सरळ उत्तर १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने दिले होते. सभासद होऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीस किमान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र सादर करावे लागे, म्हणजे ‘आमच्या वतीने बोलण्याचा अधिकार यांना आहे’ असा कागद हातात असल्याशिवाय सभेत प्रवेश नसे. एरवी मालमत्तेच्या व्यवहारात लागणारा हा कागद सार्वजनिक कामात आणणे ही मला केवळ कायदेशीर युक्ती वाटत नाही; ‘तुम्हांला बोलायला सांगितले कोणी?’ हा सरकारचा ठरलेला प्रश्न तिने आधीच निकालात काढला होता. आजच्या बहुतेक संस्थांकडे असा कागद नसतो, आणि म्हणून त्यांना ‘मुखत्यार’ म्हणता येत नाही.

मुखत्यारपत्र नसताना दुसऱ्यासाठी उभे राहणे याला मराठीत ‘कैवार घेणे’ म्हणतात. १७८७ मध्ये लंडनमध्ये बारा जणांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध समिती स्थापन केली, तेव्हा ज्यांच्यासाठी ती लढणार होती त्यांच्याकडून अधिकारपत्र मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तो शुद्ध कैवार होता. ब्रिटिश संसदेने त्या व्यापारावर बंदी घातली ती १८०७ मध्ये. मधल्या वीस वर्षांत साक्षी गोळा करणे, अर्जांवर सह्या घेणे आणि फेटाळलेला ठराव पुन्हा मांडणे हे जे चालले, त्याला मात्र ‘कैवार’ हा शब्द पुरत नाही. शिवाय कैवारी म्हटले की समोरचा दुबळाच असला पाहिजे, असे हा शब्द गृहीत धरतो. रुग्णांनी किंवा ग्राहकांनी स्वतःच उभारलेल्या संघटनेला ‘कैवारी’ म्हणणे म्हणूनच खटकते. तिथे ‘हितरक्षक संघटना’ बरे.

‘दबावगट’ हा शास्त्राचा शब्द आहे खरा, पण तो बाहेरच्याने लावलेला आहे. स्वतःच्या फलकावर तो कोणी लिहीत नाही. ‘लॉबी’ला मराठीत संशयाचा वास आहे. अनुवादकाने हे दोन शब्द ‘ॲडव्होकसी’साठी वापरूच नयेत, कारण काही देशांत लॉबिंगला कायद्याने वेगळा आणि अरुंद अर्थ दिलेला आहे, अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने व्यावसायिक लॉबिंगसाठी नोंदणीची व्यवस्था केली. लोकांत जागृती करणे हे ‘ॲडव्होकसी’त येते, लॉबिंगमध्ये येत नाही. ‘समर्थन गट’ हा पर्याय मी लगेच बाजूला ठेवीन. तो आजारी किंवा शोकग्रस्त माणसांच्या आधारगटासारखा वाचला जातो.

आता ‘पाठपुरावा’. या शब्दाला दोन अर्थ आहेत आणि दोन्ही इथे हवे आहेत. “त्यांनी स्त्रीशिक्षणाचा पाठपुरावा केला” यात बाजू उचलून धरणे आहे. “अर्ज दिला आहे, आता पाठपुरावा करा” यात चिकाटीने मागे लागणे आहे. या संस्थांचे रोजचे काम जवळून पाहिले तर ते भाषणांपेक्षा मसुद्यांतच अधिक चालते. विधेयकाच्या एखाद्या कलमात “प्राधिकरणास ही माहिती प्रसिद्ध करता येईल” असे असते, आणि संस्थेची सारी खटपट ते “प्राधिकरण ही माहिती प्रसिद्ध करील” असे व्हावे यासाठी असते. ‘करता येईल’मध्ये मुभा आहे, ‘करील’मध्ये बंधन. दोन क्रियापदांतल्या या अंतरासाठी सूचना पाठवणे, समितीपुढे म्हणणे मांडणे, सदस्यांना भेटणे आणि पुढचा मसुदा आला की तेच कलम पुन्हा उघडून पाहणे, याला पाठपुराव्याखेरीज दुसरे काय म्हणणार?

आणखी एक फरक आहे. वकिली निकालाबरोबर संपते. भूसुरुंगांवर बंदी यावी म्हणून सहा संस्थांनी १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोहीम सुरू केली, १९९७ मध्ये ओटावा येथे करारावर सह्या झाल्या आणि त्याच वर्षी मोहिमेला शांततेचे नोबेलही मिळाले. पण करार पाळला जातो की नाही, याची देशवार नोंद घेणारा अहवाल १९९९ पासून मोहिमेनेच काढायला सुरुवात केली. निकालानंतरचे हे काम ‘वकिली’त मावत नाही.

तेव्हा अहवालात प्रथम उल्लेखाच्या वेळी ‘धोरणविषयक पाठपुरावा करणाऱ्या संस्था’ असे सविस्तर लिहावे आणि पुढे ‘पाठपुरावा संस्था’ एवढे ठेवावे. सदस्यांच्याच हितासाठी झटणारी संघटना असेल तिथे ‘हितरक्षक संघटना’, आणि क्रियापद हवे असेल तर ‘बाजू मांडणे’ किंवा ‘लावून धरणे’, जसे वाक्य मागेल तसे. एक अडचण उरते ती ‘ॲडव्होकसी ऑफिसर’ची. ‘पाठपुरावा अधिकारी’ म्हटले तर तो थकलेल्या हप्त्यांसाठी फोन करणारा माणूस वाटेल. तिथे मी ‘धोरण पाठपुरावा अधिकारी’ असे लिहीन, ‘धोरण’ हा शब्द न गाळता.