पोटगी पगाराच्या २५ टक्केच मिळते का? बायको नोकरी करत असेल तर मिळतच नाही का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. तुमचं लग्न हिंदू विवाह कायद्याखालचं आहे असं धरून लिहितो.

२५ टक्के हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या कल्याण डे चौधरी निकालामुळे सगळीकडे फिरतो. त्या प्रकरणात नवऱ्याच्या निव्वळ पगाराचा चौथा हिस्सा योग्य मानला गेला, एवढंच. कायद्यात कुठेही दर लिहिलेला नाही. कोर्ट दोघांची मिळकत, लग्नातलं राहणीमान, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कुणाकडे आहेत आणि नवऱ्यावर आणखी कोण अवलंबून आहे हे बघतं. तुमची नोकरी हिशेबात धरली जाईल, पण केवळ तेवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही. दोघांचे पगार जवळपास सारखे असतील तर मात्र स्वतःसाठी फारशी अपेक्षा ठेवू नका. मुलांच्या खर्चाचा वाटा मागा.

अर्ज दोन टप्प्यांवर होतो. दावा चालू असताना कलम २४ खाली अंतरिम पोटगी आणि दाव्याचा खर्च. निकालाच्या वेळी किंवा नंतर कलम २५ खाली कायमची पोटगी. ही दोन्ही कलमं नवऱ्यालाही खुली आहेत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कलम २४ चा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात. म्हणूनच अर्ज लवकर करा: २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते. अर्ज सहा महिने लांबवलात, तर ते सहा महिने गेले.

याच निकालाने मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही सक्तीचं केलं. आकडा खरा ठरतो तो इथे. समजा, नवऱ्याचा पगार ९०,००० आहे. आयकर, व्यवसाय कर आणि सक्तीचा भविष्य निर्वाह निधी मिळून १२,००० जातात. वर पतपेढीच्या कर्जाचा हप्ता २०,००० आणि विमा व ऐच्छिक बचतीचे ८,०००. 'हातात ५०,००० च येतात' असं तो स्लिप दाखवून सांगेल. पण स्वखुशीची बचत आणि स्वतःसाठी काढलेलं कर्ज कोर्ट सहसा वजा करत नाही. हिशेब ७८,००० पासून सुरू होतो. त्यामुळे नुसती एक स्लिप पाहून गप्प बसू नका. फॉर्म १६, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं आणि बँकेचे उतारे मागा. धंदेवाल्याच्या बाबतीत विवरणपत्रावर उत्पन्न कमी दिसतं, तिथे क्रेडिट कार्डाची बिलं आणि गाडीचे हप्ते जास्त बोलतात.

तुमची बाजूही तितकीच स्वच्छ हवी. नोकरी लपवायची आणि उलटतपासणीत पासबुकातून पगार निघायचा, यात चांगली प्रकरणं वाया जातात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली किंवा फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ (१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४) खाली आधीच काही मंजूर झालं असेल तर तेही लिहा. ती रक्कम पुढच्या हुकमात धरतात. दुहेरी मिळत नाही.

परस्पर संमतीने घटस्फोट घ्यायचा असेल तर माझं मत एकरकमीकडे झुकतं. दरमहाच्या पोटगीला थकबाकीची टांगती तलवार असते, शिवाय ती घेणाऱ्याच्या हातात करपात्र उत्पन्न धरली जाते. हप्ते ठरलेच, तर शेवटचा हप्ता दुसऱ्या जबाबाच्या दिवशी (घटस्फोटाच्या हुकमाआधी कोर्ट दोघांची संमती पुन्हा नोंदवतं तेव्हा) डिमांड ड्राफ्टने घ्या. 'पुढे काही मागणार नाही' या ओळीने मुलांचा हक्क मात्र सुटत नाही.

दरमहाचा हुकूम असेल आणि पैसे थांबले तर दरखास्त (हुकमाच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करून पगारातून जप्ती मागता येते. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच जप्तीपासून सुरक्षित असतो. कलम १४४ च्या हुकमाची थकबाकी असेल तर रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करा. त्यानंतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही.